उपाशी उपटलेला निशिगंध

माय, परवा वर्ध्याच्या सभेत कुणीतरी माझ्या गळ्यात निशिगंधाचा हार घातला आणि मी तो लगेच काढून ठेवला. लोकांना वाटलं, याला हारतुऱ्यांचा तिटकारा आहे. आहेच. पण मला हिंगणघाटचा आपला न्हाणीमागचा वाफा आठवला होता.

आणीबाणी उठल्यानंतरचा तो पहिला हिवाळा. मी गावोगाव भाषणं देत फिरतोय आणि तू खाटेला खिळलेली. डॉक्टरांनी हात टेकलेत. पौषातल्या एका सकाळी तू म्हणतेस, "आज निशिगंधाचे कांदे काढून घे."

"पानं हिरवीच हायेत व माय. पान पिवळं पडून वायल्याशिवाय कांदा भरत नाई, हे तूच सांगतं ना?"

"मी राहीन काय तवर? सुतकात कोणी कुदळीले हात लावणार नाई. अन् साऱ्या पाहुण्यायच्या आंघोळीचं पाणी त्याच वाफ्यात जाईन. निजलेला कांदा पाण्यात कुजते."

सुतक कसलं मानता, असं मी सुरू करणार तोच तू हात वर केलास. "थे मंडपात सांगजो. इथं कुदळ घे."

मी काढले. कंद हाताला हलके लागत होते. पानांतलं सत्त्व खाली उतरलंच नव्हतं. ते सावलीत पसरले, तू खाटेवरून लहान-मोठे निवडायला लावलेस.

आणि तू गेली नाहीस. होळीनंतर आपण ते पुन्हा लावले. पावसाळ्यात शेजारच्या काकूंकडे फुलांच्या पांढऱ्या छड्या उभ्या राहिल्या; आपल्याकडे नुसती पाती. रोज सकाळी तुझा एकच प्रश्न, "दांडा निघाला काय रे?" पुढे तू विचारणंही सोडलंस. काकू दोन छड्या घेऊन आल्या, तेव्हा तू भिंतीकडे तोंड फिरवलंस. त्या गेल्यावर म्हणालीस, "मलेच मराची घाई झालती. उपाशी उपटले बिचारे."

दिवाळीनंतर तू गेलीस, आपल्या वाफ्यातलं फूल न बघताच. वेणा नदीच्या घाटावर चिता पेटली आणि रिवाजाप्रमाणे चार शब्द बोलायला लोकांनी मलाच पुढे केलं. मी उभा राहिलो. नजर चितेवरून हलेना. शेवटी गावातले एक गुरुजी पुढे आले आणि म्हणाले, "माऊली तृप्त होऊन गेली. तिची कोणतीच इच्छा मागे उरली नव्हती."

खोटं बोलणाऱ्याला भर सभेत उभ्या उभ्या सोलणारा मी, त्यांना टोकलं नाही. खरं सांगू? त्या वेळी ते ऐकायला मला बरं वाटत होतं.