यूफनी आणि आमची राणी

कामठा, ४ ऑक्टो. १९३५
दंडार लिहून झाली, गाण्यांसकट अख्खं नाटक. दिवाळीनंतर मंडईच्या जत्रेत गावचीच मंडळी खेळणार. राजा-राणी दोघंही आपल्या झाडीबोलीत बोलतात. असं अजून कोणी केलं नसेल! नागपूरला प्रोफेसरांना पहिला प्रवेश दाखवला होता. "यात यूफनी नाही." एवढंच म्हणून कागद परत. अजून टोचतंय.

९ ऑक्टो.
तालमीत तेच. राणी होणारा गोविंदा अडून बसला. "काऊन गा भाऊ, राणी अशी बोलते का? मले 'हे प्राणनाथ' पायजे. लोक हासतील." सारे त्याच्याच बाजूनं. तो नाही म्हणाला तर जुनीच दंडार होणार. माझी गेली.

१० ऑक्टो.
डिक्शनरी काढली. यूफनी मूळ ग्रीक. यू म्हणजे चांगला. फोनी म्हणजे आवाज, जित्या गळ्यातला. बस्स! तोच फोनी ग्रामोफोनात, टेलिफोनात. शुद्ध, नाजूक, असलं काही त्यात नाहीच. वा रे ग्रीक लोकहो! दोन चिमुकल्या तुकड्यांत केवढं...
दिवसभर पुटपुटत होतो. वहिनी : "भावजी, कोनाचं नाव घेऊन राहिले? पोरगी पाहून ठेवली का?"

१३ ऑक्टो.
गोविंदाच्या शेतावर, बांधीत गेलो. हलका धान कापणं चालू. त्याला ग्रीक सांगितलं. "थे लोक भात खात का?" एवढंच विचारलं लेकानं. मग दूरच्या बांधीतल्या बायकोला हाक मारली, "ये वो, पानी आन!"
काय आवाज! जाड, उन्हात तापलेला, सारं शिवार ओलांडून गेला. तालमीत हाच माणूस नाक दाबून बारीक बोलतो. म्हटलं, राणी राजाला अश्शीच हाक मारते. एकदा मार.
लाजला. मग मारली. "कोठी चालले जी, मले टाकून?"
कापणाऱ्या बाया आधी हसल्या. मग हसू थांबलं. विळेही. एकीनं पदर डोळ्याला...
मी लिहिलेली ओळ. पण माझी वाटलीच नाही.

२ नोव्हें.
उद्या मंडई. गोविंदा त्याच आवाजात बोलणार. पण अट घातली. "लोक हासले तं एकटा काऊन शिव्या खाऊ मी? तू बी मांगं उभा राय, झील धर."
चारचौघांत कधी गायलो नाही. नाही म्हणायला तोंड नाही.
सकाळी तलावाच्या पाळीवर गेलो. गळा मोकळा सोडला. बगळे उडाले.
फोनी तर आहे. यू आहे का, उद्या गाव सांगेल.