डाव्या पंखाखाली

५ ऑक्टोबर १९७८, गुरुवार

डाव्या टाकीतलं पेट्रोल परत कमी! परवा मीच पट्टी बुडवून पाहिलं होतं. आज बोटभर खाली. भीमराजला विचारलं, तर म्हणतो रोज सकाळी टाकीच्या तळातून बाटलीभर काढून बघतो, पाणी उतरलंय का ते. बाटलीही दाखवली. पण एवढ्याशा बाटलीने बोटभर कमी होतं का? वीस वर्षं फाउंड्री चालवतोय मी. भट्टीत लोखंड किती जळतं आणि पायांनी चालत किती जातं, मला बरोबर कळतं.

माणूस कामाला चोख, हे खरं. हवाई दलातून निवृत्त, पिंपळे गुरवचा. चार वर्षं माझं विमान सांभाळतोय. पण बोलतो फार कमी. हे कमी बोलणंच मला खटकतं.

लोक विचारतात, दोन इंजिनांचं विमान कशाला घेतलंत? एकावर भरवसा ठेवायचा नाही म्हणून! ऑफिसच्या तिजोरीला दोन कुलपं, घरात दोन घड्याळं, विमानाला दोन इंजिनं. एकाने दगा दिला तर दुसरं घरी आणेल. मेकॅनिक तेवढा एकच ठेवला, ही चूक झाली.

९ ऑक्टोबर, सोमवार

भीमराज नागपूरला गेला. दर दसऱ्याला जातो, दीक्षाभूमीवर. उद्या खंडेनवमी, अख्खी फाउंड्री यंत्रांची पूजा करणार, आणि विमानाचा माणूस नेमका गायब! आमचा फोरमन ज्योतीराम म्हणाला, मालक, त्याला आपल्या हळदीकुंकवाचं वावडं आहे. मी पुढच्या कामाला लागलो. पण डोक्यात राहिलं.

जाताना विमानाला सगळीकडे फडकी बांधून गेला. वेगाच्या नळीला लाल बुरखा. या नळीत वारा शिरतो तेव्हा माझ्यासमोरचा वेगाचा काटा हलतो. कुंभारीण माशी तिच्यात घर करते, म्हणून हा बुरखा. मला काय हे माहीत नाही? तरी परत सगळं समजावलं. मग शेडच्या दारात थांबून म्हणाला, "सायेब, म्या येईस्तोवर इमान हालवू नगा."

का? माझं विमान, माझं लायसन, आणि परवानगी याची! का म्हणून दोनदा विचारलं.

"तपासल्याबिगर नगा, येवढंच."

एवढंच म्हणे! असं काय आहे जे फक्त त्यालाच तपासता येतं?

१० ऑक्टोबर, मंगळवार

पूजा छान झाली. सकाळी भोसरीला फाउंड्रीत, मग सगळे ट्रकमधून चाकणच्या माळावर, आपल्या धावपट्टीवर. दोन्ही पंख्यांना झेंडूचे हार, इंजिनांना गंध. थोरली बहीण सुमनताई साताऱ्याहून मुद्दाम आलीय, तिने ओवाळलं. फोटोवाला बोलावला होता. भीमराजची फडकी फोटोत कळकट दिसली असती, म्हणून तेवढ्यापुरती सोडायला लावली, मग माझ्यादेखत सगळी परत बांधून घेतली. कापूर शेडबाहेरच लावला. शेवटी पेट्रोल आहे, मी मूर्ख नाही. उदबत्तीही न पेटवता नुसती खोचायची, पण त्यासाठी केळं आणायचं राहिलं. ज्योतीराम बटाटा शोधत फिरतोय — माळावर कुठला बटाटा! शेवटी डाव्या पंखाखाली मीच जागा काढली. पेढे कमी पडले. घरून निघताना कौशल्याने सांगितलं होतं जास्त घ्या, ऐकलं नाही.

निघताना शेडला कुलूप मी लावलं. दोनदा ओढून पाहिलं.

११ ऑक्टोबर, बुधवार

दसरा. आपट्याची पानं वाटून हात दुखले. माळावर गेलो नाही. जायला हवं होतं, असं संध्याकाळपासून वाटतंय.

१२ ऑक्टोबर, गुरुवार

लगेच लिहिलेलं बरं. नंतर लोक आपल्याच तोंडी काहीबाही घालतात.

सुमनताई उद्या परत जाणार. दोन दिवस एकच धोशा — पुनावळ्याचं आपलं घर वरून दाखव. भीमराजसाठी थांबायचं म्हणजे ती जाणार. म्हटलं, चल. फडकी मीच काढली, तेल पाहिलं, दोन्ही इंजिनं पहिल्या झटक्यात सुरू.

पट्टीवर धावताना वेगाचा काटा उशिरा हलला. वाटलं मुरूम ओला असेल. वर गेलो. पुनावळ्यावरून दोन चकरा मारल्या, ताईला चिंच दिसली, विहीर दिसली, ती रडायलाच लागली. माझं मात्र काट्याकडे लक्ष. दोन्ही इंजिनं खणखणीत आणि काटा वीस-पंचवीस मैल कमी! इंजिनात दोष शोधत बसलो. काटा खोटं बोलत असेल, हे मनातसुद्धा आलं नाही. दोन इंजिनं घेतली, पण काटा एकच.

उतरताना काट्याप्रमाणे वेग धरला. खरा वेग कितीतरी जास्त होता. चाकं टेकेचनात. अर्धी पट्टी संपल्यावर टेकली. ब्रेक लावले, उपयोग नाही. पट्टी संपली, बांधावर चढलो. उजवं चाक मोडलं, उजव्या पंख्याची पाती मागे वळली. ताईचं मनगट मोडलं. ती ओरडलीसुद्धा नाही. फक्त म्हणाली, "उतरलो का रे?"

विमान गेलं तर जाऊ दे. ताईला काही झालं असतं तर मी कुणाला तोंड दाखवलं असतं?

१३ ऑक्टोबर, शुक्रवार

भीमराज स्टेशनवरून थेट माळावर. पिशवी खांद्यालाच. विमानाभोवती एक फेरी मारली. मग विचारलं, ताईंचा हात कसा हाय. आधी विमान पाहिलं, मग ताईचा हात! हे मी लक्षात ठेवलं.

मी काट्याचं सांगितलं. ऐकल्याबरोबर म्हणाला, "नळी खोलू द्या सायेब. दोन मिंटाचं काम हाय."

इतकी घाई? आत काय आहे ते याला ठाऊक असल्याशिवाय? मी त्याला हात लावू दिला नाही. नळीच्या तोंडावर फडकं बांधून लाखेचं सील ठोकलं, त्यावर सही केली. तो बघत उभा राहिला.

घरी त्याने संत्र्याची बर्फी पाठवली होती. खाऊ नका म्हणालो. कौशल्याने माझ्यासमोर दोन तुकडे खाल्ले.

१४ ऑक्टोबर, शनिवार

डोकं थंड ठेवून विचार केला. बुरखा जागेवर होता, उडण्याआधी मीच काढला. म्हणजे माशी आत गेलेली नाही. म्हणजे नळीत जे आहे ते बुरख्याच्या आत आहे, बुरखा बांधण्याआधी घातलेलं. आणि बुरखा बांधला कुणी?

शिवाय हलवू नका म्हणाला होता. त्याला माहीत होतं!

कारणही आहे. त्याचा धाकटा भाऊ खंडू आपल्याकडेच साच्यांवर होता. गेल्या वर्षीच्या संपात गेटवर घोषणा देत होता, त्याला मी परत घेतलं नाही. भीमराज त्याबद्दल एक अक्षर बोलला नाही. भावाची नोकरी जाते आणि माणूस गप्प राहतो, म्हणजे पोटात काहीतरी ठेवून आहे. ज्योतीरामलाही पटलं. पण ज्योतीरामला माझं सगळंच पटतं, तेही एकदा पाहिलं पाहिजे.

१६ ऑक्टोबर, सोमवार

भीमराजला काढला. विमान खात्याला पत्र टाकलं — नळीत मुद्दाम काहीतरी घातल्याचा संशय, मेकॅनिकचं नाव, भावाचं प्रकरण, सगळं. पोलिसातही तीच नक्कल. विमान मुंबईच्या वर्कशॉपला जाणार. नळी त्यांनीच खोलायची, माझं सील पाहून.

किल्ली टेबलावर ठेवून गेला. नमस्कार केला. मी कागदात मान घातली होती.

२५ ऑक्टोबर, बुधवार

पोलिसांनी त्याला दोनदा बोलावलं. खंडूलाही. खात्याने भीमराजचं लायसन तात्पुरतं थांबवलंय.

कौशल्या जेवताना म्हणाली, चार वर्षं तुम्ही त्याच्या हातावर जीव ठेवून उडत होता, तेव्हा त्याची जात-पात, भाऊ-बिऊ आठवला नाही. मी म्हणालो जातीचा काय संबंध, मी तसलं काही मानत नाही. ती म्हणाली, मग नागपूरचं सारखं का काढता? ताट सारून उठलो. बायकांना पुरावा म्हणजे काय ते कळत नाही.

३१ ऑक्टोबर, मंगळवार

लक्ष्मीपूजन. ज्योतीराम फराळाला आला. भीमराज चार वर्षांत पहिल्यांदा आला नाही. निर्दोष असता तर आला असता.

८ नोव्हेंबर, बुधवार

भीमराजची बायको आली होती. कस्तुरा. पायरीवरच उभी राहिली, आत ये म्हटलं तरी आली नाही. आवाज चढवला नाही, रडलीही नाही.

"सायेब, चार वरसं त्यांनी तुमचं इमान लेकरावानी जपलं. आता समदी गल्ली म्हन्ती, यानं मालकाच्या भनीला माराया बघितलं. लायसन गेलं तर दुसरं मिळंल न्हाई मिळंल. पर ह्ये बोलनं कसं पुसायचं, त्ये सांगा."

मी म्हणालो, सात डिसेंबरला खात्याची चौकशी आहे, निर्दोष असेल तर सुटेल. ती "व्हय" म्हणाली आणि गेली. त्या "व्हय"चा अर्थ काय, यावर अर्धा तास घालवला.

सुमनताईचं साताऱ्याहून पत्र. प्लास्टर निघालं. लिहिते, भीमराजला माझा निरोप सांग, विमानातून सगळं फार सुंदर दिसतं म्हणायचा ते खरं आहे. तिला मी अजून काही कळवलेलं नाही.

२१ नोव्हेंबर, मंगळवार

झोप नीट नाही. आपण चुकत तर नाही? — असं सकाळी एकदा वाटलं. लगेच चौदा तारखेचं पान वाचलं. सगळे दुवे पक्के आहेत.

३० नोव्हेंबर, गुरुवार

मुंबईहून पत्र! माझं सील शाबूत होतं. नळी खोलली. आत तोंडापासून चार बोटांवर एक वस्तू घट्ट अडकलेली, कडेने थोडा वारा जाईल एवढीच फट. "आपोआप गेलेली नाही, कोणीतरी खोचलेली आहे," हे त्यांचे शब्द. वस्तू रजिस्टर पोस्टाने पाठवलीय.

खोचलेली! दीड महिना सगळे मला संशयी म्हणत होते. पत्र कौशल्यापुढे ठेवलं. तिने वाचलं आणि भाजी निवडायला बसली. आता बोल म्हणावं भीमराजला.

४ डिसेंबर, सोमवार

पुडकं आलं. कापसात दोन इंचाची बांबूची काडी. एक टोक गुलाबी, दुसरं मोडलेलं, मध्ये काळा मसाला चिकटलेला. नाकाशी धरली. मोगरा.

फोटो झाल्यावर उपटली होती मी. अर्धीच हातात आली असणार. मग वरून बुरखा बांधून घेतला, माझ्यादेखत. दहा ऑक्टोबरचं पान काढलं. "डाव्या पंखाखाली मीच जागा काढली." तिथे उदबत्ती बसेल असं भोक एकच, वेगाच्या नळीचं. अक्षर माझंच आहे.

पान फाडायला धरलं होतं. कोपरा फाटलाय तो त्यामुळे. सात तारखेला ही वही खात्यापुढे ठेवणार. त्याआधी आत्ता पिंपळे गुरवला चाललोय, त्याला वाचून दाखवायला. आत ये म्हणाला नाही, तर पायरीवर उभा राहून वाचेन.