सावलीच्या भिंतीचा खरा हिशेब

मी, खाली सही करणारी, वय अडुसष्ट, धंदा प्रकाशात रंग बदलणारे लेप बनवण्याचा, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवते. डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. गुडघ्यांबद्दल त्यांनी काही लिहिलेले नाही.

१. राहते घर आणि बँकेतली ठेव माझ्या लेकीला. मागच्या खोलीच्या खिडक्यांना लावलेला काळा कागद जावयांनी खुशाल काढावा. लग्न झाल्यापासून त्या कागदावर त्यांचा दात आहे.

२. तराजू, पिवळे दिवे आणि काळ्या बाटल्या चित्रशाळेच्या मास्तरांना. रोलर मात्र त्यांना मुळीच देऊ नयेत. एकदा नेलेला रोलर त्यांनी लेप वाळवून, काठी करून परत आणला होता.

३. लेपांच्या कृतींची वही माझ्या भाचीला, म्हणजे धाकट्या भावाच्या मुलीला. ती प्रयोगशाळेत काम करते, तिला माझे अक्षर लागते.

४. आता संग्रहालयातल्या भिंतीविषयी. ती भिंत भावाने आणि मी मिळून केली. दिवा लागला की पांढरा लेप निळा व्हायचा. समोर उभ्या माणसाची सावली पडेल तेवढाच भाग पांढरा राहायचा आणि पाच मिनिटांत सगळे पूर्ववत. निदान घरच्या फळीवर तरी तसे झाले होते. उद्घाटनाला पाहुणे हात पसरून, एका पायावर उभे राहिले आणि भिंत ढिम्म पांढरी.

मी सगळ्यांदेखत भावाला म्हणाले, “दहादा सांगितलं होतं, लेपाचा डबा उजेडात उघडू नकोस म्हणून!”

“ताई, मी नाही उघडला,” एवढेच तो बोलला. दुसऱ्या दिवसापासून तो कामावर आला नाही. आता दुकानांच्या पाट्या रंगवतो. नऊ वर्षांत त्याने माझा उंबरा ओलांडलेला नाही.

गेल्या वर्षी ती भिंत पाडली, तेव्हा मी एक खपली घरी आणून तपासली. लेप चांगला होता. खालचे अस्तर चुन्याचे निघाले. चुना आणि आमचा लेप यांचे विळ्या-भोपळ्याचे सख्य, हे भावाला मीच शिकवले होते. आणि ते अस्तर मी लावले होते, एकटीने, घाईत, अस्तराच्या डब्यावरची चिठ्ठी न वाचता. भावाची काहीही चूक नव्हती. हे कळून वर्ष झाले तरी त्याच्याकडे जायचा मला धीर झाला नाही. मला स्वतःची लाज वाटते. चार लोकांत त्याला बोलले, म्हणून चार लोकांपुढे लिहून देते.

५. भावाला मी काहीही ठेवत नाही. म्हातारी शेवटपर्यंत वाकडीच, असे लोक म्हणतील. म्हणोत. वकीलबाई सांगतात, ज्याला काही मिळणार त्याला साक्षीदार करू नये. आणि मला तोच साक्षीदार हवा आहे. साक्षीदाराला समोर बसावे लागते.

“शेजारचं कुणीही चालेल हो, कशाला त्यांना बोलावता?” असे त्या म्हणाल्या. मला चालणार नाही. त्याने चौथे कलम वाचावे, मगच मी सही करीन. तो आला नाही तर हा कागद बिनसहीचा राहील आणि पुढची कटकट लेकीने निस्तरावी. मी मेल्यावर त्याला हे कळून काय उपयोग?

ठिकाण: राहते घर, पुढची खोली
दिनांक: ९ ऑक्टोबर, सकाळी अकरा

मृत्युपत्र करणारी: (सही)

साक्षीदार पहिले, शेजारचे औषधविक्रेते: (सही)

साक्षीदार दुसरे, धाकटा भाऊ: (सही)
चौथे कलम वाचले. खाली चुना आहे हे मला उद्घाटनाच्याच संध्याकाळी नखाने खरवडल्यावर कळले होते. तेव्हा बोललो असतो तर तुला पुन्हा कुणी काम दिले नसते, ताई.