दिवस बुडाल्यावरचं ताट

निपाणी, कार्तिक व. २, सन १९४५
सखा परत आला. आता सखारामशेठ म्हणायचं. त्याचा बाप माझ्या वडिलांच्या, आबांच्या वखारीत तंबाखूची बोदं उचलायचा, आणि हा आमच्या सोप्यात जेवून माझ्याबरोबर शाळेला यायचा. आता मुंबईच्या विडीवाल्यांसाठी निम्म्या गावाचा माल तोच घेणार. कोगनोळीच्या रस्त्याला बंगला बांधलाय, बरोबर माझ्या सासरच्या माडीवरून दिसेल असा. माझ्या लग्नाआधी मी त्याला म्हटलं होतं, आबांसमोर एकदा तोंड उघड. तर न सांगता मुंबई गाठली. तेव्हा तोंडाला कुलूप, आणि आता बंगला.

व. ४
वास्तुशांतीचं बोलावणं. हे हरखलेत, कोट उन्हात घातलाय. सासूबाईंनी विचारलं, पंगत दिवसाउजेडी आहे ना? हे म्हणाले, एवढा मोठा माणूस, त्याला का कळत नाही?

व. ६
नाही कळत. बेळगावचा बँड, झाडाझाडाला गॅसबत्त्या. बत्त्या शोभाव्यात म्हणून पंगत मुद्दाम अंधार पडल्यावर. आम्ही जैन घरची माणसं, दिवस बुडाल्यावर पाण्याचा घोटही घेत नाही. माझ्या आईच्या हातचं उजेडी जेवून वाढला हा. दारांचे पडदे माझ्या लहानपणच्या परकराच्या रंगाचे; तो रंग लक्षात आहे, हे नाही! आमच्यासाठी वेगळी चूल, कांदा-लसूण वर्ज्य, सगळं केलेलं. चांदीचं ताट स्वतः घेऊन आला. सासूबाईंनी तोंड फिरवलं. मी मान हलवली, तर वाकून म्हणतो,
"एक घास, पद्मा. हे समदं तुझ्यासाठीच केलंय."
शेजारी हे बसलेले. ह्यांनी ऐकलं.
"दिवस बुडलाय," मी म्हटलं. एवढंच.
तोंड उतरलं त्याचं. त्याला वाटलं, मी त्यालाच नको म्हटलं. मूर्ख. इतकी वर्षं उपाशी कोण आहे, ते मी कुणाला सांगू?

व. ७
हे काहीतरी बोलतील, चिडतील, म्हणून दिवसभर वाट बघितली. दोनदा चहा मागितला फक्त.

व. ९
सखानं शेजारच्या वखारीतला सगळा माल घेतला. ह्यांच्या वखारीत तंबाखू पडून आहे, तरी आमच्या दाराशी थांबलाही नाही. रुसलाय, लहान पोरासारखा. आणि हे? संध्याकाळी टोपी खुंटीला अडकवून म्हणाले,
"पोरपणची वळख हाय न्हवं तुमची? भर दुपारी जाऊन जेवून ये. दोन शब्द ग्वाड बोल."
सगळं ऐकून, सगळं समजून, नवऱ्याच्या डोक्यात शिजलं ते हे. हातातला तांब्या आपटला मी. सासूबाई माळ ओढत राहिल्या. म्हणजे त्यांनाही चालतंय.

व. १०
ह्यांनी परस्पर त्याला निरोप धाडला, पद्मा यायचं म्हणतीया. त्याचा उलट निरोप आला: चूक कळली, उद्या दुपारी मोटार पाठवतो.
रात्रभर डोळ्याला डोळा नाही.

व. ११
मोटार दारात आहे. हे स्वतः तिचं दार उघडून उभे आहेत. लाज वाटत नाही.
मला जायचंय. ह्याचाच संताप येतोय. कुणी पाठवलं नसतं तर एक दिवस मीच गेले असते, भर रस्त्यातून, चालत. आता गेले तर मालाबरोबर पाठवलेली म्हणून जाणार. आणि तो दारात उभा असेल, त्याला वाटेल आपणहून आली. खरं सांगितलं तर तो मोडेल. नाही सांगितलं तर मी ह्यांच्यासारखीच झाले.
नाही गेले, तर तो पुन्हा बोलवायचा नाही.
मोटारीचा भोंगा वाजला. केसात शेवंती माळली होती, ती काढून फेकली. उचलून परत माळली.