शेवंता दाराकडं बघायची थांबली

प्रिय वन्सं,

जयभीम. तुम्ही होता तेव्हा तुम्हाला कधी पत्र लिहिलं नाही. शिरूर ते दौंड एसटी होती, फोन होता, पत्र कशाला लागतंय? आज लिहायला बसले, कारण काल शेवंता दाराकडं बघायची थांबली. कुठं गेलात तुम्ही?

इतके दिवस ती रोज दिवेलागणीला उठायची. मागचा पाय ओढत उंबऱ्यापाशी जायची, शेपूट उभी धरून, मान वर करून कुणाच्या तरी तोंडाकडं बघावं तसं बघायची, आणि मोकळ्या हवेला अंग घासायची. तुमच्या निऱ्यांना घासायची ना, तस्सं. पहिल्यांदा माझ्या अंगावर काटा आला. मग मी त्या वेळेला दार उघडंच ठेवायला लागले.

अंगणवाडीतून निवृत्त झालात आणि तुम्ही म्हाताऱ्या मांजरांच्या मागं लागलात. "पिल्लू कुणीबी नेतं गं, थकल्या जिवाला कोण इचारतं?" असं म्हणायचात. किती जणांना सावरून चांगल्या घरी दिलंत. शेवंताला तेवढं कुणी नेलं नाही. मालक वारल्यावर बंद घरात अडकलेली, दात पडलेली, बहिरी. ती तुमच्याकडंच राहिली.

तुमचा फोन लागेना म्हणून आम्ही शिरूरला आलो, तर तुम्ही कुशीवर निजलेल्या आणि ती तुमच्या पोटाशी. डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेल्या. छातीत दुखतंय हे शेजारणीला सांगितलंत, आम्हाला का नाही? आम्ही काय परके होतो? हा राग आहे माझा तुमच्यावर, वन्सं, आणि तो जात नाही.

पुण्यानुमोदनाचा विधी झाल्यावर घर आवरलं. तुमचे सगळे कपडे मी धुऊन, घड्या घालून वाटले. शेवंताला पाटीत बसवून, वर फडकं बांधून एसटीनं दौंडला आणलं.

ती खाटेखाली शिरली ती बाहेर येईना. फक्त दिवेलागणीला तेवढी उठायची. खाणं नाही. तुमचं सांगणं आठवून मी एकच खोली दिली, हात लावला नाही, जवळ बसून भाजी निवडत राहिले. जुन्या घराचा वास असलेलं कापड द्यायचं, असंही तुम्ही सांगायचात. ते कुठून आणू? सगळं तर मीच धुतलेलं. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, "म्हातारं मांजर उपाशी राहिलं की लिव्हर जातं. आज-उद्या पोटात काही गेलं पाहिजे."

तुमचे भाऊ तुम्ही गेल्यापासून रडले नव्हते. कुरकुंभला कामावर जायचे, यायचे. त्या संध्याकाळी शेवंता दारात उभी राहिली तशी ते म्हणाले, "हिला शिरूरला सोडून येऊ. कुणाशी बोलती ही रोज? मला न्हाई बघवत."

"तिथं कोण हाय तिचं?" मी विचारलं.

दुसऱ्या दिवशी पहिली पाळी करून आले ते हातात गाठ मारलेली पिशवी घेऊन. आत तुमचा तपकिरी स्वेटर होता. घर आवरताना गुपचूप काढून कंपनीतल्या लॉकरमध्ये ठेवला होता म्हणे.

"धुतला न्हाई," ते म्हणाले. "कवा कवा वास घेतो."

त्यांनी तो खाटेखाली सरकवला आणि फरशीवरच बसले. शेवंतानं बराच वेळ हुंगला. मग पंजांनी मळत मळत त्यावर बसली. सुकटीचं पाणी तिनं त्यांच्या बोटांवरून चाटलं, आणि तेव्हा तुमच्या भावाला रडू फुटलं.

आता त्या स्वेटरला तिचाच वास येतो. तुमचा संपला.

काल दिवे लागले आणि ती उठलीच नाही. पोट भरून घोरत पडलेली. दारात मी एकटीच उभी. मांजर रुळलं, मला बरं वाटायला हवं होतं ना? पण तुम्ही गेल्याची बातमी कालच कळावी, तसं झालं मला.

आज सकाळी तुमचा फोन वाजला. आम्ही तो चार्ज करून ठेवतो, पण वाजला की तुमचे भाऊ उठून बाहेर जातात. आज त्यांनी उचलला. न्हावऱ्याहून एक बाई बोलत होती. "ताई हायेत का? आमच्या सासूबाई वारल्या. त्यांचा बोका हाय, लई म्हातारा. खाटेखालून निघंना."

"ताई न्हाईत," ते म्हणाले. हे शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकले. मग म्हणाले, "मी त्यांचा भाऊ. दौंडला आणा त्याला. आन् म्हातारीचं एखादं लुगडं संगं द्या. धुऊ नका."

वन्सं, उद्या तो येईल. त्याला आतली खोली देईन, घाई करणार नाही. नाही रुळला तरी परत धाडणार नाही. हा शब्द तुम्हाला दिला.

तुमची भावजय,
रेखा