रंजीताच्या वजनाची रेघ

१४ जुलै
दिव्याला रेषालेख जमतच नाही! सातवीत गेली, तरी महिने आडवे की उभे, यातच अडते. दोनदा ओरडले. रडली. "मले नाई येत, आई." मग मलाच वाईट वाटलं.

१५ जुलै
अंगणवाडीतून मुलांच्या वाढीचे तक्ते घरी आणले. आडवे महिने, उभे किलो. सात वर्षं सेविका आहे — मला दुसरं काय येतं! सुकरीच्या दहा महिन्यांच्या रंजीताचा तक्ता दिला. दिव्याने ठिपक्यावर बोट ठेवलं, खाली महिना पाहिला, बाजूला वजन. बरोबर! मग खुशीत सगळेच वाचत सुटली. आणि एकदम —
"आई, एप्रिलपर्यंत सगळ्यायच्या रेघा वाकड्यातिकड्या. पुढं पट्टीनं मारल्यावानी काऊन?"
जेवायला बस म्हटलं.

१६ जुलै
कशात लक्ष नाही. वजनकाटा एप्रिलअखेर बंद पडला. दोनदा कळवलं. पर्यवेक्षिका मॅडम म्हणाल्या, "रकाने रिकामे ठेवू नका." मी दर महिन्याला प्रत्येकाचे दोनशे ग्रॅम वाढवत गेले. कोणी विचारलं नाही. विचारलं ते माझ्याच पोरीने.

१७ जुलै
रंजीताला शेवटचं कधी पाहिलं? आठवेना.

१८ जुलै
शेजारच्या गावच्या आशा कार्यकर्तीचा काटा मागून आणला. शाळेआधी दिव्याला घेऊनच सुकरीकडे गेले. ती धानाच्या रोवणीला निघालेली. "पोरगी दूध घेत नाई, बाई. महिना झाला, जुलाब लागून राह्यले."
तक्त्यावर सहा किलो आठशे. काट्यावर पाच किलो सहाशे!
दिव्याने ठिपका काढला. लाल पट्ट्यात — तीव्र कुपोषण. आधीच्या ठिपक्यांना रेघ जोडलीच नाही. माझ्याकडे बघत राहिली.
दुपारच्या एसटीने गडचिरोली. रंजीता दवाखान्यात भरती.

२१ जुलै
बाकीच्या एकोणीस मुलांची वजनं मोजली. दोन पिवळ्या पट्ट्यात, म्हणजे मध्यम कुपोषित. मॅडमला फोन केला — आधीचे आकडे मी मनाने लिहिले. त्या म्हणाल्या, "लेखी द्या." दिलं.

४ ऑगस्ट
रंजीता घरी आली. सहा किलो शंभर! सुकरीने अंगणवाडीत सगळ्या बायांसमोर माझा हात धरला. "तुमी नसत्या तं माही पोरगी गेली अस्ती, बाई!"
राहवलं नाही. सांगून टाकलं — मे, जून, जुलै, तिन्ही वजनं खोटी.
हात सुटला. पोरीला उचलून गेली. मागोमाग सगळ्याच.

५ ऑगस्ट
वीसपैकी चारच मुलं आली. अकरा वाजता सुकरी आली. दारातच उभी, रंजीता कडेवर.
"मोजा, बाई. माह्या डोळ्यासमोर."