लोणच्यातले ॲसिड

मलकापूर, मंगळवार, जानेवारी

थंडीने कारखान्यातले ॲसेटिक ॲसिड कॅनमध्येच गोठले. आणि ते वितळवायला आमच्या शहाण्या सुपरवायझरने काय आणावे? पेटती शेगडी! प्लॅस्टिकच्या कॅनला अगदी खेटून. वर राखण करायला कामगार रहीमचाचांना शेजारी बसवले.

मी आधी चाचांना उठवले, मग शेगडी बाहेर ओढून विझवली.

सुपरवायझर म्हणाला, "मॅडम, काऊन भेता एवढ्या? लोणच्यात टाकतात थेच तं हाय हे."

लोणच्यात म्हणे! तिथे पाण्याने पातळ केलेले असते, हे निव्वळ ॲसिड. याची वाफ आगीवर पेट घेते, थेंब उडाला तर कातडी जळते. आईने चुलीजवळ रॉकेलची बाटलीसुद्धा कधी ठेवू दिली नाही. या डिप्लोमावाल्याला तेवढीही अक्कल नसावी? मी जरा जास्तच ओरडले का? ओरडले. बरेच केले.

कॅन कोमट पाण्यात ठेवले. चाचांना हातमोजे आणि चष्मा घालायला लावला. ते हसले, "बेटी, तू तं मले नवरदेव करून राह्यली."

झाकण उघडायची वेळ आली. सुपरवायझर कुठे? दाराबाहेर, नाकाला रुमाल लावून.

लोणच्यातलेच होते ना?

म्हणजे त्याला सगळे ठाऊक होते. चाचांना शेगडीजवळ बसवतानाही.